एका श्वासाचे सगेसोयरे

स्वयंपाकघरातल्या टोपलीत पडून असलेला बटाटा श्वास घेत असतो. त्याला मूळ नाही, पान नाही, जमिनीतून निघूनही बरेच दिवस झालेले असतात. तरी त्याची प्रत्येक पेशी हवेतला प्राणवायू आत घेते, साठवलेलं पिठूळ इंधन थोडं थोडं वापरते आणि कर्बवायू बाहेर सोडते. सोबत जराशी उष्णताही सोडते. बटाट्यांचा ढीग कोंदट खोलीत रचला की आतून गरम होतो तो यामुळेच. शीतगृहात तेच बटाटे महिनोन्‌महिने टिकतात, कारण थंडीत त्यांचा श्वास मंदावतो.

थक्क करणारी गोष्ट याच्या पुढची आहे. त्या श्वासाचा शेवटचा टप्पा बटाट्याच्या पेशीत ज्या रसायनानं पार पडतो, त्याच रसायनानं तो बटाटा सोलणाऱ्या माणसाच्या हृदयातही पार पडतो. तेच लोखंड, त्याच घडणीची प्रथिनं, इलेक्ट्रॉन हातोहात पुढे देण्याचा तोच क्रम. बायोकेमिस्ट्री शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या पुस्तकात हे छापलेलं असतं. पण ते असतं नावांच्या आणि बाणांच्या दाटीत, आणि परीक्षेच्या घाईत त्याच्याकडे टक लावून पाहायला फार थोड्यांना सवड मिळते.

या विषयाची ख्यातीच पाठांतराचा विषय अशी आहे. ग्लायकोलिसिसच्या दहा पायऱ्या, क्रेब्स सायकलच्या आठ, प्रत्येक पायरीवर एक एन्झाइम आणि प्रत्येक एन्झाइमचं लांबलचक नाव. विभागाच्या भिंतीवर लावलेला मेटॅबॉलिक पाथवेचा तक्ता पाहून पहिल्या वर्षाच्या मुलांची छाती दडपते. माझं मत असं, की हा तक्ता सगळा एकदम पाहायचाच नाही. त्यातला एक रेणू निवडायचा आणि त्याच्या मागोमाग चालत राहायचं. तो रेणू आपल्याला उरलेल्या तक्त्यातून हिंडवून आणतो, आणि तक्त्याच्या बाहेरही नेतो. मी निवडलेला रेणू आहे सायटोक्रोम सी.

हे एक लहानसं प्रथिन आहे. माणसाच्या शरीरात ते १०४ अमिनो आम्लांच्या साखळीचं बनतं. ही साखळी एका चपट्या कड्याभोवती घट्ट गुंडाळलेली असते. त्या कड्याला हीम म्हणतात आणि त्याच्या मधोमध लोखंडाचा एकच अणू बसलेला असतो. हिमोग्लोबिनमध्ये असतं तसंच हे कडं. म्हणून शुद्ध सायटोक्रोम सीची भुकटी लाल दिसते. सगळा पसारा जेमतेम तीन नॅनोमीटरचा. काम काय, तर एका ठिकाणाहून एक इलेक्ट्रॉन घ्यायचा आणि शेजारच्या ठिकाणी द्यायचा. एका वेळी एकच. इलेक्ट्रॉन आला की लोखंड एका अवस्थेत जातं, गेला की परत पहिल्या अवस्थेत येतं. आयुष्यभर हे एवढंच.

एवढ्याशा देवघेवीवर जीव तगतो कसा, हे समजून घ्यायला अन्नाकडे वळावं लागतं. भाकरीतल्या किंवा बटाट्यातल्या पिष्टमय पदार्थात जे इलेक्ट्रॉन असतात, ते ऊर्जेच्या उंच पातळीवर असतात. प्राणवायू त्यांना ओढून घ्यायला टपलेला असतो. भाकरी चुलीत पडली तर हे इलेक्ट्रॉन एका दमात प्राणवायूकडे जातात, जाळ होतो आणि सगळी ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. पेशीला हे परवडणारं नाही. कड्यावरून खाली उडी मारणं आणि वळणावळणाच्या घाटानं उतरणं यांत जो फरक आहे, तोच इथं आहे. उंची दोन्हीकडे तेवढीच उतरायची. पण घाटात प्रत्येक वळणावर थांबता येतं आणि त्या उतारातून थोडं काम करून घेता येतं. श्वसनसाखळी म्हणजे इलेक्ट्रॉनांचा हा घाट, आणि सायटोक्रोम सी त्यातल्या शेवटच्या वळणाच्या अलीकडे उभा असतो. तो आपला इलेक्ट्रॉन सायटोक्रोम ऑक्सिडेज नावाच्या मोठ्या एन्झाइमला देतो. असे चार इलेक्ट्रॉन जमले की ते एन्झाइम प्राणवायूच्या एका रेणूपासून पाण्याचे दोन रेणू बनवतं. आपण नाकानं घेतलेल्या प्राणवायूपैकी बहुतेक सगळा अखेर इथंच येऊन पोहोचतो. श्वास छातीत होतो असं आपण मानतो. त्याचं खरं ठिकाण पेशींच्या आत, मायटोकॉन्ड्रिया नावाच्या इवल्या कोठड्यांच्या आतल्या पडद्यावर आहे.

इलेक्ट्रॉन उतरताना जी ऊर्जा मिळते तिचं पेशी काय करते, हा प्रश्न विज्ञानाला बरीच वर्षं छळत होता. १९४८ च्या सुमारास युजीन केनेडी आणि अल्बर्ट लेहनिंजर यांनी दाखवलं की श्वसनातून एटीपी बनवण्याचं काम मायटोकॉन्ड्रियात चालतं. एटीपी म्हणजे पेशीत सगळीकडे चालणारं ऊर्जेचं चलन. आपल्या मुलांच्या दप्तरात असतं ते जाडजूड पुस्तक याच लेहनिंजरांच्या नावाचं. पण उतरणारे इलेक्ट्रॉन आणि तयार होणारं एटीपी यांना जोडणारा दुवा सापडेना. सगळे जण एखाद्या मधल्या रेणूच्या शोधात होते. १९६१ मध्ये पीटर मिचेल यांनी सांगितलं की असा रेणू नाहीच. साखळी उतरत्या इलेक्ट्रॉनांच्या जोरावर प्रोटॉन पडद्याच्या पलीकडे ढकलते, तिकडे त्यांची गर्दी होते, आणि परत येण्याच्या त्यांच्या ओढीतून एटीपी बनतं. हे म्हणणं पचायला पुष्कळ काळ लागला. १९७८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

या पडद्याची जाडी आहे पाचेक नॅनोमीटर. त्याच्या दोन बाजूंत विजेच्या दाबाचा फरक साधारण ०.१५ व्होल्ट. आकडा किरकोळ वाटतो, पण भागाकार करून पाहा: दर मीटरला तीन कोटी व्होल्ट. कोरड्या हवेत ठिणगी पडायला याच्या दहाव्या हिश्शाइतकं विद्युतक्षेत्र पुरतं. एवढ्या ताणाखाली प्रोटॉन ज्या वाटेनं परततात ती वाट म्हणजे एटीपी सिंथेज हे प्रथिन. त्याचा एक भाग खरोखर गरगर फिरतो, आणि त्या फिरण्यानं एटीपी घडतं. १९९७ मध्ये जपानी संशोधकांनी या फिरत्या दांड्याला चमकणारा प्रथिनाचा धागा चिकटवला आणि तो धागा फिरताना सूक्ष्मदर्शकातून पाहिला. माणसाच्या शरीरात कोणत्याही क्षणी एटीपी पाव किलोच्याही आतच असतं, पण तेच पुन्हा पुन्हा मोडून आणि घडून दिवसाकाठी होणारी उलाढाल जवळपास आपल्या वजनाइतकी भरते.

आता पुन्हा लाल रेणूकडे येऊ. तो सापडला कसा, ही हकिकत बायोकेमिस्ट्रीच्या प्रत्येक वर्गात सांगायला हवी. केंब्रिजचे डेव्हिड केलिन हे मुळात कीटकांचे आणि परजीवींचे अभ्यासक. घोड्याच्या पोटात वाढणाऱ्या एका माशीच्या अळीत हिमोग्लोबिन असतं. अळीची माशी झाल्यावर त्याचं पुढे काय होतं, हे त्यांना शोधायचं होतं. सूक्ष्मदर्शकाला वर्णपटदर्शक जोडून त्यांनी माशीच्या पंखांचे स्नायू पाहिले. इंद्रधनुषी पट्ट्यावर चार काळ्या रेघा दिसल्या, आणि त्या हिमोग्लोबिनच्या नव्हत्या. मग तशाच रेघा इतर कीटकांत दिसल्या, यीस्टमध्येही दिसल्या. एकदा त्यांनी पाण्यात कालवलेलं यीस्ट नळीत घालून खळखळून हलवलं आणि पुन्हा पाहिलं, तर रेघा नाहीशा. पाहता पाहता त्या परत उमटल्या. हलवल्यानं द्रवात हवा मिसळली होती, प्राणवायूनं रेणूंतले इलेक्ट्रॉन नेले होते आणि रेघा पुसल्या होत्या. यीस्टनं तो प्राणवायू संपवताच इलेक्ट्रॉन पुन्हा साचले आणि रेघा दिसू लागल्या. जिवंत पेशी श्वास घेताना माणूस प्रत्यक्ष पाहत होता.

१९२५ मध्ये केलिन यांनी या रंगद्रव्याला सायटोक्रोम नाव देऊन आपला निबंध प्रसिद्ध केला. या रेघा आपल्याआधी चार्ल्स मॅकमन नावाच्या डॉक्टरला १८८० च्या दशकात दिसल्या होत्या, हेही त्यांनी पुढे आणलं. मॅकमन यांचं म्हणणं त्या काळच्या एका बड्या रसायनशास्त्रज्ञानं खोडून काढलं होतं आणि मान्यता न पाहताच ते १९११ मध्ये वारले. मिचेल यांनी आपल्या नोबेल व्याख्यानाच्या शीर्षकातच केलिन यांचं नाव घातलं. या विषयात एकाचं काम दुसऱ्याच्या कामावर असं उभं राहतं.

केलिन यांना सायटोक्रोमच्या खुणा वनस्पतींतही दिसल्या होत्या. पण वनस्पतींचा अभ्यास अवघड. हिरव्या पानात हरितद्रव्याचा रंग बाकी सगळे रंग झाकून टाकतो. पानाऐवजी बटाटा घ्यावा, तर त्यात दुसरीच अडचण. चिरलेला बटाटा काळा पडू नये म्हणून आपण तो पाण्यात टाकतो. तो काळा पडतो पॉलिफेनॉल ऑक्सिडेज या एन्झाइममुळे, आणि हे एन्झाइमही प्राणवायू खातं. मग बटाट्याच्या पेशीत खराखुरा श्वास कोणाचा? तिथंही प्राण्यांसारखी सायटोक्रोमची साखळी आहे, की झाडांची रीतच वेगळी?

या प्रश्नाशी केंब्रिजमध्ये झुंजणाऱ्यांत एक मराठी मुलगी होती. कमला भागवत, पुढच्या कमला सोहोनी. दुर्गाबाई भागवतांची ही धाकटी बहीण. वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघेही रसायनशास्त्रज्ञ, बंगळूरच्या टाटांच्या विज्ञानसंस्थेत शिकलेले. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. झाल्यावर कमलाबाईंनी त्याच संस्थेत अर्ज केला. संचालक सी. व्ही. रामन यांनी तो नाकारला, कारण अर्जदार मुलगी होती. कमलाबाई थेट त्यांच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि हटल्या नाहीत. अखेर प्रवेश मिळाला तो अटी घालून: पहिलं वर्ष परीक्षेचं, आणि त्यांच्यामुळे इतरांचं लक्ष विचलित होता कामा नये. त्यांनी दूध आणि कडधान्यं यांतल्या प्रथिनांवर काम करून १९३६ मध्ये एम.एस्सी. मिळवली, आणि त्यानंतर त्या संस्थेत मुलींना वाट मोकळी झाली.

केंब्रिजला त्या गेल्या फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स यांच्या विभागात. तिथं आधी डेरेक रिक्टर आणि नंतर रॉबिन हिल यांच्यासोबत काम केलं. हिल हे वनस्पतींच्या रसायनाचे मोठे जाणकार; प्रकाशसंश्लेषणातली हिल अभिक्रिया त्यांच्याच नावाची. बटाट्यावर काम करताना कमलाबाईंना सायटोक्रोम सी सापडला, आणि वनस्पतींच्या पेशींतही श्वसनाचं काम याच कुळातल्या रेणूंमार्फत चालतं हे त्यांनी दाखवलं. फुलझाडांतल्या सायटोक्रोम ऑक्सिडेजवर हिल आणि भागवत या जोडनावांनी एक टिपण १९३९ मध्ये ‘नेचर’मध्ये आलं. त्याच वर्षी त्यांना पीएच.डी. मिळाली. चौदा महिन्यांचं काम, चाळीस पानांचा प्रबंध. विज्ञानात पीएच.डी. मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं ते या चाळीस पानांसाठी. ते घेताना पानांत काय होतं हेही सांगावं असं मला फार वाटतं. त्यात झाडाच्या आणि आपल्या श्वासाचं नातं होतं.

हे नातं किती जवळचं, ते पुढच्या पिढीनं मोजलं. १९६० च्या दशकात निरनिराळ्या सजीवांच्या सायटोक्रोम सीमधली अमिनो आम्लं एकापुढे एक वाचता येऊ लागली. माणूस आणि चिंपांझी यांच्या साखळ्या तंतोतंत सारख्या निघाल्या. लाल तोंडाच्या ऱ्हीसस माकडाशी फरक एका जागेचा, घोड्याशी बारा जागांचा. गव्हाशी फरक चाळीसच्या आसपास, म्हणजे निम्म्याहून जास्त जागा गव्हाच्या आणि आपल्या साखळीत अजूनही सारख्या. आपला आणि गव्हाचा सामाईक पूर्वज एक अब्जाहून अधिक वर्षांमागे होऊन गेला. इतक्या काळात डोंगर उठले आणि झिजले. या साखळीतल्या काही जागा मात्र हलल्या नाहीत, कारण तिथं बदल झाला की जीवच उरत नव्हता. १९६७ मध्ये वॉल्टर फिच आणि इमॅन्युएल मार्गोलिआश यांनी वीस सजीवांमधले हे फरक मोजून त्यांची वंशावळ काढली. हाडं, पिसं, जीवाश्म यांतलं काहीही न पाहता केवळ एका प्रथिनावरून काढलेली ही वंशावळ जीवशास्त्रज्ञांच्या जुन्या वंशावळीशी बहुतांशी जुळली. माणसाचा सायटोक्रोम सी यीस्टच्या पेशीत बनवला, तर यीस्टला तो चालतो.

याच रेणूचं दुसरं रूप १९९६ मध्ये दिसलं. अमेरिकेत शाओडोंग वांग आणि त्यांचे सहकारी पेशीच्या ठरवून होणाऱ्या मृत्यूचा अभ्यास करत होते. असा मृत्यू शरीराला लागतोच. गर्भात आपली बोटं सुटी होतात ती मधल्या पेशी अशा मरतात म्हणून. हा मृत्यू सुरू व्हायला पेशीच्या द्रवातला कोणता घटक लागतो, हे त्यांना हवं होतं. गाळत, वेगळं करत अखेर एक छोटं प्रथिन हाती आलं. त्याचा वर्णपट घेतला आणि ओळख पटली: सायटोक्रोम सी. मायटोकॉन्ड्रियाच्या आत असेपर्यंत जो श्वास चालवतो, तोच बाहेर पडला की पेशीला आवरतं घ्यायला सांगतो. त्याच्या सत्तर वर्षं आधी केलिन यांनी ज्या खुणेनं हा रेणू ओळखला, त्याच खुणेनं तो पुन्हा ओळखला गेला.

वनस्पतींनी इलेक्ट्रॉनांच्या या घाटाला एक आडवाटही काढून ठेवली आहे. त्यांच्या मायटोकॉन्ड्रियात एक जास्तीचं ऑक्सिडेज असतं. ते इलेक्ट्रॉन सायटोक्रोमपर्यंत जाऊच न देता प्राणवायूला देऊन टाकतं. या वाटेनं एटीपी कमी बनतं आणि उष्णता जास्त निघते. सायनाइड सायटोक्रोम ऑक्सिडेजला जखडतं म्हणून माणूस मरतो; ही आडवाट मात्र सायनाइडनं बंद होत नाही. फुलताना सुरणाचा फुलोरा तापतो. कमळाची तर कमाल आहे. बाहेरची हवा दहा अंशांवर उतरली तरी उमलतं कमळ स्वतःला तीस अंशांच्या वर राखतं, आणि ही ऊब याच आडवाटेनं येते.

बायोकेमिस्ट्रीच्या विद्यार्थ्याचं भाग्य असं, की हे सगळं त्याला नुसतं ऐकून घ्यावं लागत नाही. साध्या प्रयोगशाळेत घोड्याच्या हृदयातून काढलेल्या सायटोक्रोम सीची चिमूटभर पूड मिळते. ती पाण्यात विरघळवली की तपकिरी लाल द्रव होतो. त्यात इलेक्ट्रॉन देणारं डायथायोनाइट कणभर टाकलं की डोळ्यांदेखत रंग गुलाबीकडे वळतो. स्पेक्ट्रोफोटोमीटरमध्ये ५५० नॅनोमीटरवर टोकदार सुळका उभा राहतो. जर्नलमध्ये लिहायचं ते फक्त एक रीडिंग. पण केलिन यांनी पाहिलेल्या चार रेघांतली एक या सुळक्याच्या जागीच होती.

कमलाबाईंच्या पुढच्या कामाकडे पाहिलं की या विषयाचा आवाका कळतो. परत आल्यावर त्या दिल्लीच्या लेडी हार्डिंज महाविद्यालयात होत्या, मग कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेत. नंतर मुंबईच्या विज्ञानसंस्थेत त्यांनी बायोकेमिस्ट्री शिकवली आणि पुढे त्या तिथं संचालकही झाल्या. आता त्यांचे विषय होते डाळी, कडधान्यं, नीरा. कच्च्या कडधान्यात पचन अडवणारी प्रथिनं असतात; भारतीय धान्यांतल्या अशा प्रथिनांचा शोध त्यांनी विद्यार्थ्यांसोबत घेतला. राजेंद्रप्रसादांच्या सूचनेवरून नीरेवर काम केलं आणि कुपोषित आदिवासी मुलांना, गरोदर बायकांना तिचा उपयोग होतो हे दाखवलं. काही जण याला शुद्ध विज्ञानाकडून समाजकार्याकडे वळणं म्हणतील. मला ते पटत नाही. सायटोक्रोम सी जो इलेक्ट्रॉन पुढे देतो तो ताटातल्या घासातूनच आलेला असतो. त्याच्या हीममधलं लोखंडही अन्नातूनच यावं लागतं. केंब्रिजमध्ये त्यांनी वाटेचं एक टोक पाहिलं होतं; मुंबईत त्या दुसऱ्या टोकाशी उभ्या राहिल्या, जिथं पुष्कळ माणसांच्या ताटात इंधनच अपुरं होतं.

म्हणून या विषयात पाऊल टाकणाऱ्या मुलामुलींना मला सांगायचंय: नावं पाठ करावी लागतील, ती करा. पण एखादा रेणू आपला म्हणून धरा आणि त्याला तीन प्रश्न विचारा. तू कुठून घेतोस, कोणाला देतोस, आणि तुझ्यासारखा आणखी कोणाच्या पेशीत आहे? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं परीक्षेला पुरतील. तिसऱ्याचं उत्तर शोधताना गहू, घोडा, यीस्ट आणि कमळ हे सगळे आपले कोण लागतात ते कळेल, आणि त्यांच्यापैकी कोणाचाही श्वास अडला तर तो का अडला हे विचारण्याची विद्या हातात येईल. औषधं, पिकं, कुपोषण, आजार यांवरची किती तरी कामं याच विद्येवर उभी आहेत आणि किती तरी अजून व्हायची आहेत.